दाराबाहेरचा सुधाकर

सुधाकरचं शेवटचं वाक्य माझ्या मोबाइलमध्ये आहे. दाराबाहेरून तो विचारतो, ‘वाजवू का वं, कुंदा?’ मी आतून म्हणते, ‘वाजव गा.’ त्यानंतर काहीच वाजत नाही...

तो सावनेरचा, कॉलेजपासूनचा माझा मित्र. गांधीबागेत कापडाच्या दुकानात नोकरी करायचा आणि सुट्टी मिळाली की भुताचे सिनेमे. सुरुवातीला लग्नाच्या शूटिंगवाल्याचा उसना कॅमेरा, पुढे मोबाइल. लाइट परवडत नाहीत म्हणून सगळं शूटिंग मे महिन्यात भर दुपारी, रस्त्यावर कुत्रंही नसतं तेव्हा. त्याच्या एकाही सिनेमात पांढऱ्या साडीतली बाई नाही. ‘पांढरं कापड तं मी दिवसभर विकून राहिलो. त्याचं कायचं भेव?’ म्हणायचा. त्याचं भूत म्हणजे बंद दारावरची टकटक, आणि ती तो दुसऱ्या कोणाला करू द्यायचा नाही. आत कॅमेऱ्यासमोर मी. आवाज नको म्हणून कूलर बंद केला की त्या शांततेत जीव अर्धा व्हायचा. मग तो विचारायचा, मी हो म्हणायची आणि तो मुद्दाम थांबायचा... इतका, की माझं अंग खरोखर कापायला लागायचं. ‘काहून छळतो गा?’ मी चिडायची. ‘तुले अ‍ॅक्टिंग येत नाही म्हणून,’ तो हसायचा. खरंच होतं ते.

या मे महिन्यातही, धरमपेठेतल्या माझ्याच घरात, मला वाटलं तो थांबलाय. दाराकडे बघत बसले. भीती वाढत गेली. शेवटी उठून दार ढकललं, तर ते पूर्ण उघडेना. पलीकडे तो पडला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय एकदमच बंद पडलं, दार आधी उघडलं असतं तरी उपयोग नव्हता. ते मी मानते. रोज नव्यानं मानावं लागतं.

सिनेमा पुरा करायचा की नाही, हे मी त्याच्या बायकोवर, शोभावर सोडलं. तिनं तो शॉट पाहिला, त्यातला माझा चेहरा पाहिला. मग म्हणाली, ‘राहू दे हा शॉट, ताई. जनमभर त्यायले हेच पायजे होतं. टकटक तेवढी राहिली, थे तू कर.’

काल दुपारी कूलर बंद केला, मोबाइल रेकॉर्डिंग लावून खोलीत ठेवला, दार लावलं आणि त्याच्या जागेवर जाऊन उभी राहिले. हात उचलला. त्याचंच वाक्य तोंडून निघालं, ‘वाजवू का?’

आतून उत्तर येईल म्हणून घाबरले. आलं नाही, तेव्हा जास्त घाबरले.

टकटक अजून राहिलीच आहे.