घडीकाकांनी बघितलेले कागद

वळणावरच्या इस्त्रीच्या दुकानात एका साध्या शब्दाला वेगळाच अर्थ होता. गिऱ्हाईक यायचं, कपड्यांची पिशवी टेबलावर टाकायचं आणि म्हणायचं, "काका, जरा हे बघा." बघा म्हणजे इस्त्री करा. "कालचं बघून झालं का?" "ही पँट नीट बघा हं, मागच्या वेळी दोन-दोन रेघा पडल्या होत्या." काकांचा सगळा जन्म असं बघण्यातच गेला होता.

लोक त्यांना घडीकाका म्हणत. हाताला लागेल त्याची घडी घालायची, ही त्यांची खोड. पेपर, पिशवी, चहा पिऊन झाला की कागदी कपसुद्धा. शेजारच्या दुकानातले शिंपीमास्तर म्हणायचे, "तुमच्यापुढे फार वेळ उभं राहायची भीती वाटते बुवा. घडी घालून फळीवर ठेवाल." काका नुसते हसायचे. मग मास्तर त्यांच्या शर्टाकडे बोट दाखवायचे. "अख्ख्या गल्लीला इस्त्री, आणि स्वतःचा शर्ट गाईने चघळल्यासारखा!" यावरही काका हसायचे. स्वतःचा शर्ट टेबलावर घ्यायला त्यांना कधी सवडच झाली नव्हती.

त्यांना एकच मुलगी. अंगाने बारीक, जिभेने टोकदार, म्हणून घरात तिला टाचणी म्हणत. ती या कपड्यांच्या ढिगातच वाढली. कुणाचा शर्ट आला की तो घालणारा माणूस कसा असेल, हे ती पिशवीवरच पेन्सिलीने काढून ठेवायची. पुढे तिने फॅशन डिझाइनच्या कॉलेजात जायचं ठरवलं. तिथे मार्कांपेक्षा स्वतः काढलेल्या चित्रांची फाइल महत्त्वाची. पोर्टफोलिओ म्हणतात तिला. फाइल स्वतः नेऊन द्यायची, आणि त्यातलं निदान एक चित्र खरा माणूस समोर उभा करून काढलेलं हवं. गेल्या वर्षी नेमकं तेच एक चित्र नव्हतं, म्हणून कॉलेजच्या खिडकीवरच्या बाईंनी फाइल आत न घेताच परत केली होती. यंदा फाइल गेली नाही, तर पुढच्या वर्षी टाचणी वयात बसणार नव्हती.

म्हणून या वेळी टाचणीने ते चित्र आधी काढलं. आईला एका गिऱ्हाइकाचा लांब कोट घालून खिडकीपाशी उभं केलं. आईची मान आखडली, पाय दुखले, पण कोट कागदावर असा उतरला की आई म्हणाली, "चित्रातल्या बाईच्या अंगावर तर माझ्यापेक्षा चांगला दिसतोय." बाकीची चित्रं पाण्याच्या रंगांची होती. हे एकच मेणाच्या खडूंनी रंगवलेलं होतं.

फाइल द्यायच्या दिवशी सकाळी टाचणीने सगळे कागद काढून दुकानातल्या टेबलावर ठेवले. पाण्याच्या रंगांनी त्यांच्या कडा वर वळल्या होत्या. तिला मोठ्या आकाराची फाइल आणायला बाजारात जायचं होतं. दारातून ती घाईघाईने म्हणाली, "बाबा, एवढे कागद जरा बघा हां!"

काकांनी मान डोलावली. वळलेल्या कडांवरून हात फिरवला. पोरीला एवढं कळतं, याचं त्यांना कौतुकच वाटलं.

त्यांनी टेबल पुसून वर जाड चादर अंथरली. पांढरं सुती फडकं झटकून घेतलं. इस्त्री कोमट केली, मनगटाजवळ नेऊन पाहिली. एकेक कागद पालथा घालून, वर फडकं टाकून, ते अलगद इस्त्री फिरवू लागले. कागद काचेसारखे सपाट होत गेले. तळाला कोटाचा कागद होता. त्याची कडा तर वळलीही नव्हती. पण सगळे बघितले आणि हाच तेवढा सोडायचा, हे त्यांच्या हाताला पटेना.

कागद उचलायला गेले तर तो उचलेना. मेण वितळून टेबलावरच्या चादरीला चिकटलं होतं. काकांनी श्वास रोखून सोडवला. चेहरा गेला होता. कोटाचा लाल रंग खांद्यावरून पायापर्यंत ओघळला होता, आणि चादरीवर तसाच लाल, उलटा, माणसाएवढा नाही पण माणसासारखा एक डाग उमटला होता.

त्यांनी इस्त्री बंद केली. मग बंद केली की नाही, हे दोनदा पाहिलं.

शिंपीमास्तर सुटे पैसे मागायला आले आणि दारातच थबकले. "अरे देवा. हे पोरीचं कोटाचं चित्र का?"

काकांनी मान हलवली.

मास्तर जवळ येऊन हळूच म्हणाले, "काका, एक सांगू? वारा आला म्हणा. उडून गटारात पडला म्हणा. वाऱ्यावर कोण रागावतं?"

काकांच्या हातात तो कागद होता आणि बोटं सवयीने त्याची घडी घालू लागली होती. अर्धी घडी पडल्यावर त्यांच्या लक्षात आलं. घडी घालून कागद खिशात मावला असता. त्यांनी तो पुन्हा उलगडला, टेबलाच्या मधोमध ठेवला आणि दाराकडे बघत उभे राहिले.

टाचणी नवी फाइल काखेत घेऊन आली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. सपाट झालेले कागद आधी दिसले. "अय्या, हे असे कसे..." तेवढ्यात तिला लाल रंग दिसला.

"हे काय झालं?"

"माझ्याकडून गेलं," काका म्हणाले. "इस्त्रीने."

"कुणी सांगितली होती इस्त्री?"

"तू म्हणालीस, बघा."

"बघा म्हणजे बघा, बाबा! डोळ्यांनी! वाऱ्याने उडतील म्हणून लक्ष ठेवा!" तिचा आवाज चिरकला. "बघा म्हटलं की तुमचा हात इस्त्रीकडेच कसा जातो?"

दुसरीकडे कुठे जातो हात, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. टाचणी स्टुलावर बसली. मास्तरांनी सुटे न मागताच पाय काढला.

आई मागच्या खोलीतून आली. तिने कागद पाहिला, नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, काय केलंत हे!" आणि मग लेकीला म्हणाली, "मी परत उभी राहते. कोट कुठंय?"

"कोट काल गिऱ्हाइकाकडे गेला ना. आणि खडू संपले. चारला कॉलेजची खिडकी बंद होते, आई. तासभर जायलाच लागतो."

"मग पेन्सिलीने काढ."

"कुणाचं?"

घड्याळाकडे बघायचीही चोरी झाली. मग काका घसा खाकरून म्हणाले, "मी चालेन का?"

टाचणीने मान वर केली. बराच वेळ ती त्यांच्याकडे बघत राहिली, रागाने की कशाने, कळेना. तेवढ्यात काकांची नजर स्वतःच्या शर्टावर गेली. पोरीच्या फाइलमध्ये हा शर्ट जाणार! ते घाईघाईने बटणं सोडू लागले. "थांब, एक मिनिट, हा बघून घेतो..."

"हात लावू नका!" टाचणी ओरडली. आई दचकली. "लावा ती बटणं. सुरकुत्याच हव्यात. तसेच उभे राहा. टेबलाशी. वाका थोडे. इस्त्री धरा हातात. बंद आहे ना ती?"

"दोनदा पाहिली."

ती काढू लागली. काका जन्मात कधी इतके स्थिर उभे राहिले नव्हते. नाकाला खाज सुटली, ती त्यांनी सोसली. कोपरात दाटलेल्या चुण्या, वाकून वाकून पाठीवर ताणलेलं कापड, पोटाशी टेबलाची कड लागून विरलेली आडवी रेघ, सगळं कागदावर उतरू लागलं. एकदा तिने कागद चुरगाळून फेकला. दुसरा घेतला. आई दारात उभी राहून येणाऱ्या गिऱ्हाइकांना ओठांवर बोट ठेवून परत पाठवत होती.

चित्र फाइलमध्ये गेलं तेव्हा दुपार कलली होती. काकांनी शर्ट बदलला नाही. तेवढा वेळच नव्हता. बस मिळाली, ती सिग्नलला अडली. शेवटचा रस्ता बापलेक पळाले. खिडकीवरच्या बाई पडदा ओढतच होत्या. त्यांनी कागद उलटले, पेन्सिलीच्या चित्राशी थांबल्या. "हे समोर बघून काढलंय?"

टाचणीला धाप लागली होती. तिने नुसतं मागे बोट केलं. घामाने निथळणारे काका भिंतीला टेकून उभे होते. बाईंनी चित्रातला शर्ट पाहिला, मग समोरचा. "हात जरा लहान झालाय," त्या म्हणाल्या आणि फाइल आत घेतली.

प्रवेशाची यादी लागली तेव्हा टाचणीचं नाव शेवटून दुसरं होतं. पण होतं. मास्तरांनी स्वतःच्या दुकानातून ओरडून गल्लीला कळवलं.

चादरीवरचा लाल डाग कितीही धुतला तरी गेला नाही. काका त्याच चादरीवर कपडे घेतात. कॉलेजच्या पहिल्या दिवशी टाचणीने आपला कुर्ता त्यांच्यापुढे टाकला. "बाबा, हा बघा."

काकांनी इस्त्री उचलली आणि तशीच हवेत धरली.

"डोळ्यांनी?" त्यांनी विचारलं.