दुसऱ्यांच्या मापाची गाणी

आमच्या घरमालकीणबाईंच्या धाकट्या दिरांइतका दिलदार आणि तितकाच हट्टी गीतकार अख्ख्या बंगळुरात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याचंही माप यांनीच घेतलेलं असेल. माप म्हणजे खरोखरचं, टेप लावून घेतलेलं. राजाजीनगरात त्यांचं वडिलांपासूनचं शिवणकामाचं दुकान आहे आणि शर्ट-पँटींच्या जोडीला ते रॉक बँडवाल्यांना गाणी करून देतात. शब्द, चाल, गिटार, सगळं यांचं. गायचं, रेकॉर्ड करायचं आणि टाळ्या घ्यायच्या त्या मात्र दुसऱ्याने. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणते, म्हणून मीही म्हणतो.

पुण्याहून नोकरीसाठी येऊन मी त्यांच्या खालच्या मजल्यावर भाड्याने राहू लागलो, त्याला आठ वर्षं झाली. पहिल्याच आठवड्यात पँट आखूड करायला दुकानात गेलो, तर खांद्यापर्यंत केस आणि दंडावर वाघ गोंदवलेला एक आडदांड तरुण हात वर करून उभा होता आणि अण्णा त्याच्या छातीभोवती टेप धरून सांगत होते, "श्वास घ्या. आणखीन. आता आ म्हणत सोडा." तरुणाने आ सोडला. अण्णांची नजर सेकंदकाट्यावर. मग त्यांनी वहीत लिहिलं: छाती बेचाळीस, दम अकरा, वरचा सूर फाटतो. मला वाटलं, शर्टाची नवी फॅशन असेल. "शर्ट नाही हो, गाणं," अण्णा म्हणाले. "याचा दम अकरा सेकंद. मी पंधराची ओळ दिली तर स्टेजवर जीव जाईल की नै बिचाऱ्याचा?" आणि त्याच वहीत खालच्या ओळीवर त्यांनी माझी पँट लिहून घेतली.

आठ दिवसांनी गाण्याची ट्रायल असते. कापड बेतायच्या टेबलाभोवती अख्खा बँड दाटीवाटीने उभा राहतो, अण्णा कानामागे खडू खोचून डोळे मिटतात आणि मध्येच हात वर करून "इथे काखेत ओढतंय" असं म्हणून एखाद्या ओळीवर खूण करतात. गिटारवाल्याला लांबवता यावं म्हणून दोन कडव्यांच्या मध्ये जागा सोडलेली असते, शिलाईत जादा कापडाची माया सोडतात तशी. त्यांची स्वतःची गिटार पँटींच्या रांगेत हँगरला लटकते. एकदा मी त्यांना आग्रहाने त्यांच्याच गाण्याच्या कार्यक्रमाला ओढून नेलं. हॉलभर पोरं उड्या मारत होती. शेजारच्या एका मुलाने काळजीने त्यांना सांगितलं, "अंकल, आवाजाचा त्रास होत असेल तर मागे बसा." अण्णा कानडीत "सरी, सरी", म्हणजे बरं, बरं, म्हणत आज्ञाधारकपणे मागे जाऊन बसले. परतताना त्यांना एकाच गोष्टीचं वाईट वाटत होतं, ते म्हणजे ड्रमवाल्याची कॉलर नीट बसली नव्हती.

या माणसाचा एक नियम होता आणि त्यावर माझं डोकं फिरायचं. दिलेलं गाणं पुन्हा स्वतः गायचं नाही. कार्यक्रमात नाही, घरात नाही, न्हाणीघरातही नाही. "शिवून दिलेला शर्ट शिंपीच घालून फिरायला लागला, तर गिऱ्हाइकाने काय म्हणायचं?" असं ते मलाच विचारत. अक्का, म्हणजे आमच्या घरमालकीणबाई, सांगतात की एकदा दाढी करताना त्यांच्या तोंडून दिलेल्या गाण्याची ओळ निघून गेली, तर तोंडाला साबण तसाच ठेवून यांनी त्या बँडला फोन केला आणि माफी मागितली. पलीकडच्याला कशाची माफी ते शेवटपर्यंत कळलं नाही.

एक गाणं तेवढं त्यांनी स्वतःसाठी ठेवलं होतं. त्यांच्या घरात बोलतात तशा अर्ध्या कानडी मराठीत होतं ते. नळाला कावेरीचं पाणी दिवसाआड येतं, ते येईल त्या सकाळी मागच्या अंगणात ड्रम भरताना अण्णा ते गायचे. पहिल्या दोन कडव्यांत राजाजीनगरचे रस्ते आणि दुकानाची खिडकी. तिसऱ्या कडव्यात त्यांचे वडील, जन्मभर लोकांना कपडे शिवणारे आणि स्वतः उरल्यासुरल्या तुकड्यांचा, दोन बाह्या दोन रंगांच्या, असा सदरा घालणारे. कितीजणांनी ते गाणं मागितलं. "ते माझ्या मापाचं आहे, तुम्हाला व्हायचं नाही," एवढंच उत्तर.

गेल्या वर्षी एक मुलगी दुकानात आली. नागपूरची, इथे संगणकाच्या कंपनीत कामाला, येलहंकाला तिघा मित्रांबरोबर तिचा बँड. वडील वारले होते. त्यांचा कोट तिला स्वतःच्या मापाचा करून हवा होता. थांबली असताना अण्णा ते स्वतःचं गाणं गुणगुणत होते, ते तिच्या कानावर पडलं. "काका, हे मला द्या ना," ती म्हणाली. अण्णा नाही म्हणाले. कोट न्यायला आली तेव्हा तिने पुन्हा मागितलं, अण्णा पुन्हा नाही म्हणाले. मग तिने कोट अंगात घालून आरशात पाहिलं आणि दोन्ही बाह्या हातांनी धरून ती तशीच उभी राहिली. अण्णांनी टेप उचलला आणि म्हणाले, "श्वास घ्या."

ट्रायलला मी हजर होतो. पहिली दोन कडवी तिच्या गळ्यात अशी बसली की मी हातातला चहा विसरलो. तिसरं तिला पेलेना. ती म्हणाली, मी घोटून घेईन. मी म्हणालो, असू दे, बसेल हळूहळू. अण्णांनी कानामागचा खडू काढला आणि आपल्या वडिलांच्या कडव्यावर स्वतःच्या हाताने काट मारली. "ढगळ होतंय पोरीला," ते म्हणाले.

तिचं गाणं रेकॉर्ड होऊन गाजलं, आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्येही वाजलं. इकडे अंगणात मात्र पाण्याच्या दिवशी नुसता बादल्यांचा आवाज. "घर मुकं झालंय बघा," अक्का म्हणाल्या. मी अण्णांशी भांडलो. तिसरं कडवं तर तिला दिलंच नाही, तेवढं तरी म्हणा. अण्णांनी खरंच विचार केला आणि मान हलवली. "ठाण एकच ना हो. कापलेला तुकडा झाला तरी कापड तेच."

आता माझ्याविषयी एक सांगितलं पाहिजे. शाळेत प्रार्थनेच्या वेळी बाईंनी मला नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं, इतका मी बेसूर आहे. गेल्या महिन्यात सकाळी ड्रम भरता भरता माझ्याही नकळत मी ते तिसरं कडवं गाऊ लागलो. सात वर्षं खिडकीतून ऐकलेलं, पाठ झालं होतं. मागे वळलो तर जिन्यात अण्णा. मी ओशाळून गप्प बसलो.

"थांबलात का?" ते म्हणाले. "नियम माझा मला आहे. तुम्हाला कुठे आहे?"

"सूर चुकतोय, अण्णा."

"चुकतोय की." ते पायरीवर बसले. "चुकू दे. स्वल्प सावकाश म्हणा."

हे कडवं आता जगात फक्त माझ्या या भसाड्या आवाजात उरलं आहे, हे ध्यानात आलं आणि मी ते पुन्हा पहिल्या ओळीपासून घेतलं. तेव्हापासून पाण्याच्या दिवशी मी गातो आणि अण्णा पायरीवर बसून ऐकतात. टाका अर्धा दोरा सरकला तरी उसवायला लावणारा हा माणूस मला एकदाही थांबवत नाही. दोन रंगांच्या बाह्यांपाशी माझा आवाज हमखास फाटतो आणि अण्णा मान खाली घालतात. माझ्या सुरामुळेच घालत असतील, असं मी स्वतःला सांगतो आणि पुढची ओळ घेतो.