रेस्ट स्टेशनवरची मावशी

आधीच सांगून टाकते — भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. माणसांवरसुद्धा मी फारसा ठेवत नाही, तर भुतांचं काय घेऊन बसलात! भाजीवाल्याचा काटा मी दोनदा बघते. सासूबाई शनिवारी दाराला लिंबू-मिरची बांधायच्या, तेव्हा लिंबू वाया गेलं म्हणून मी चिडायची. आमचे हे म्हणतात, "तू डॉक्टर कशाला झालीस, फौजदार व्हायचं होतंस." त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय. पण जे घडलं ते घडलं... आणि भर दुपारी, ट्यूबलाइटच्या उजेडात घडलं.

मी बीड जिल्ह्यातल्या एका मेडिकल कॉलेजात मेडिसिन शिकवते. कॉलेजचं नाव विचारू नका. इमारत नवीकोरी आहे, आधी तिथे ज्वारीचं रान होतं. म्हणजे 'जुना वॉर्ड, तिथे गेलेली सिस्टर' वगैरे गोष्ट तुमच्या मनात आली असेल तर ती आत्ताच काढून टाका. माझं सगळीकडे विचारून झालंय.

दुसऱ्या मजल्यावर स्किल लॅबचा लांबलचक हॉल आहे. फायनल इयरच्या प्रिलिमला तिथे हिरवे पडदे लावून आम्ही खण करतो. प्रत्येक खणात एक काम — एकात बीपी मोजायचं, एकात पुतळ्याला सलाइन लावायची, एकात एक्स-रे वाचायचा. दर पाच मिनिटांनी घंटी वाजली की पोरं पुढच्या खणात सरकतात. आणि मध्ये एक खण मुद्दाम रिकामा असतो. त्याला म्हणायचं रेस्ट स्टेशन. आत एक खुर्ची, पाण्याची बाटली, बस्स. एक घंटी श्वास घ्यायचा आणि पुढे. पोरांच्या मनाची आम्ही घेतलेली काळजी ती एवढीच, असं म्हटलं तरी चालेल. समुपदेशन कक्ष आहे म्हणा, पण तो डीनच्या केबिनसमोर. आत कोण गेलं ते अख्ख्या कॉलेजला दिसतं, मग कोण मरायला जाईल तिथे? मेंटॉर म्हणून आम्हा प्रत्येक शिक्षकाला पाच-सहा पोरं वाटून दिली आहेत. ती मीटिंगला येतात, समोसा खातात, "सगळं ठीक आहे मॅडम" म्हणतात आणि जातात.

त्या दिवशी घंटी माझ्या हातात होती. घंटी वाजवायची, हॉलभर फिरायचं आणि कोण कुजबुजतंय ते बघायचं. हे काम मला लई आवडतं, खोटं कशाला बोलू.

माजलगावचा एक पोरगा बीपीच्या खणात होता. हात असे लटपटत होते की त्याला पट्टा गुंडाळता येईना. मी मनात म्हटलं, गेला हा. त्याच्यानंतर त्याचं रेस्ट स्टेशन आलं, आणि तिथून उठून सलाइनच्या खणात गेला तर काय — सुई पहिल्या झटक्यात! हात अगदी स्थिर. माझ्या कपाळावर आठी. असं कसं होईल? आत त्याला कुणीतरी काहीतरी सांगितलं, नाहीतर दिलं.

राउंड संपल्यावर बाजूला घेऊन त्याला विचारलं, "काय रे, रेस्ट स्टेशनमध्ये काय झालं?"

तर तो हसून म्हणतो, "मॅडम, तिथं मावशी ठेवल्यात ना यंदा, ते बेस्ट केलंत. लई धीर आला बघा."

"कोण मावशी?"

"मागच्या पडद्याआड बसलेल्या. म्हणल्या, लेकरा, हात मांडीवर ठेव, माझ्यासंगं दम मोज. मला वाटलं कॉलेजचीच काहीतरी नवी स्कीम हाय."

मी तडक जाऊन मागचा पडदा सरकवला. मागे भिंत. पांढरी, कोरी भिंत. तिथे मावशी सोडा, झाडूसुद्धा उभा राहिला नसता.

आता माझ्या जागी तुम्ही असतात तर घाबरला असतात. मी घाबरले नाही, मला राग आला! म्हटलं, पोरांनी ब्लूटूथचा काहीतरी जुगाड केलाय, आणि पकडल्यावर काय सांगायचं तेही घोकून आलीत. आमच्याकडे मोबाइल दारातच जमा करतात, तरी मी खुर्ची उलटी करून बघितली, बाटली हलवून बघितली. जाधव सर माझ्या बरोबरीचे, ते दाराशी उभे राहून हसत होते. "मॅडम, पाणी तरी सोडा. तेवढंच हाय पोरांना." मी लक्ष दिलं नाही. पडदेवाल्याला बोलावून तो खणच हॉलच्या दुसऱ्या टोकाला, कोपऱ्यात हलवला. दोन्ही बाजूंना भिंत. आणि सगळ्यांदेखत जाहीर केलं — रेस्ट स्टेशनमध्ये जो कुणी बोलताना सापडेल त्याचा कॉपीचा रिपोर्ट होईल. म्हणजे प्रिलिम रद्द, पुढची विद्यापीठाची परीक्षा बंद, वर्ष पाण्यात. सही माझीच असणार होती.

दुसऱ्या राउंडला शुभांगी आली. ही उमापूरची. माझ्याच वाटणीतली, समोसा न खाणारी. हुशार होती, पण वर्षभरात कशी वाळून गेली होती. इंटर्नलचे मार्क काठावर आलेले. एक जरी रिपोर्ट गेला असता तर तिचा कारभार आटोपलाच होता.

ती कोपऱ्यातल्या खणात शिरली. मी चपला काढल्या, हो, अनवाणी गेले, आणि पडद्याला कान लावून उभी राहिले.

आधी नुसते हुंदके ऐकू आले. मग बाईचा आवाज. मोठ्या वयाचा, जरा घोगरा, आपल्याच भागातला.

"जेवलीस का माय? ... न्हाई ना. मला दिसायलंय की."

शुभांगी काहीतरी पुटपुटली.

"आगं, लाज कशाची? बस जरा. पाणी पी."

अंगावर सर्रकन काटा आला. पण संशय मोठा वाईट, भीतीला पुढे येऊ देत नाही. मी पडदा खस्सकन ओढला.

शुभांगी एकटीच. दोन्ही बाजूंना भिंत.

"केस मागे घे! कान दाखव! कुणाशी बोलत होतीस?" मी केवढ्यांदा ओरडले असेन याची कल्पना करा, शेजारच्या खणातल्या पोराच्या हातातला एक्स-रे पडला. तिनं निमूट केस मागे घेतले. कानात काही नाही. ॲप्रनच्या खिशात स्टेथो आणि एक पेन.

"तुझा रिपोर्ट करणार आहे मी. वर्ष जाईल, कळतंय का?"

आता कुणीही असतं तर पाया पडलं असतं. माझ्यासमोर पडलेत, आयबापांसकट पडलेत. ही माझ्याकडे बघत म्हणाली, "करा मॅडम. मला आता कायबी फरक पडत न्हाई."

ते वाक्य मी वॉर्डात, जीव द्यायला निघालेल्या पेशंटच्या तोंडून ऐकलं आहे. ज्या आवाजात ऐकलं आहे, अगदी त्याच आवाजात ती ते म्हणाली. माझा राग कुठल्या कुठे गेला.

पाच मिनिटं संपली होती. सगळा हॉल घंटीची वाट बघत होता. मी घंटी खिडकीत ठेवली आणि जाधव सरांना म्हटलं, "थांबवा." तशीच खाली फरशीवर बसले.

"काय ठरवलंयस तू?" मी सरळ विचारलं. असं सरळच विचारायचं असतं. आम्ही ते शिकवतो, फक्त कधी करत नाही.

मग सगळं आलं. झोप नाही, जेवण जात नाही, पुस्तक उघडलं की अक्षरं पळतात. "दिवाळीला घरी गेलते, तवाच सांगणार व्हते. पण आई गावभर सांगायलीय, माझी पोरगी डॉक्टर झाली म्हणून. कसं सांगू?" आणि मग अगदी हळू, "आज प्रिलिम झाली की सगळं संपवायचं ठरवलं व्हतं, मॅडम."

मी तिचा हात धरला तो संध्याकाळपर्यंत सोडला नाही. सायकिॲट्रीच्या आमच्या मॅडम धावत आल्या. रात्री उमापूरहून तिची आई आली, आल्या आल्या पोरीला पोटाशी धरून म्हणाली, "खड्ड्यात गेली ती डॉक्टरकी, तू मला पायजेस." प्रिलिम तिनं नंतर दिली. औषधं घेते, जेवते, आणि अलीकडे तर मीटिंगला समोसाही मागून घेते.

रिपोर्ट? कसला रिपोर्ट!

सायकिॲट्रीच्या मॅडम म्हणतात, झोप नसली की माणसाला आवाज ऐकू येतात. मान्य. मग त्या माजलगावच्या पोराचं काय? आणि माझं काय? मी तर अंथरुणाला पाठ टेकली की घोरते. परीक्षेच्या पोरी सोडल्या तर हॉलमध्ये माझ्याशिवाय बाई म्हणजे एक रेसिडेंट डॉक्टर, ती पुण्याची; तिला पेशंटची भाषा समजावून सांगावी लागते. खालच्या मजल्यावर जाऊन मी वर आवाज येतो का तेही तपासलं. भिंत ठोकून पाहिली. नंतरच्या परीक्षांना त्या कोपऱ्यात एकटी बसूनही आले. माझ्याशी कुणी बोललं नाही.

एक गोष्ट मात्र शुभांगीनं मला पुष्कळ दिवसांनी सांगितली. मी पडदा ओढायच्या आधी ती बाई तिच्या कानाशी काय कुजबुजली ते, जे मला बाहेर ऐकूच आलं नव्हतं.

"बाहीर ती घंटीवाली बाई हाय ना, तिला सांग. ती वरडती... पण ऐकती."

मी ओरडते हे अख्ख्या कॉलेजला ठाऊक आहे, त्यात काही नवल नाही. पण मी ऐकते, हे तिला कुणी सांगितलं? तोवर ते मलाही माहीत नव्हतं.