सोवळ्यातली सही

वडिलांचं श्राद्ध मी मोबाइलच्या कॅलेंडरात टाकून ठेवलं होतं. दरवर्षी, त्याच इंग्रजी तारखेला, आपोआप आठवण. तिथी दरवर्षी सरकते हे मला जन्मापासून माहीत आहे, आणि तरीही.

त्या आठवणीच्या भरवशावर मी चेन्नईच्या साहेबांना छाती ठोकून सांगितलं की या खेपेच्या रिलीजच्या, म्हणजे नवं सॉफ्टवेअर गिऱ्हाइकांना सोडण्याच्या, दिवशी मी अगदी मोकळा आहे. मग आईने पंचांग उघडलं. श्राद्ध बरोबर रिलीजच्या दिवशी.

आता यात एवढं घाबरण्यासारखं काय, साहेबांना फोन करायचा आणि सांगायचं, असं कुणीही म्हणेल. पण मला तंजावरहून काम करायची परवानगी एकाच अटीवर मिळाली होती. एरवी घरी बसून काय करायचं ते करा, रिलीजच्या दिवशी मात्र हजर. ही अट एकदा मोडली असती तर चेन्नईत खोली घ्यावी लागली असती, आणि इथे राजवाड्यामागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर, आई आणि तिचे गुडघे असे दोघेच उरले असते. तिला जिना उतरायला माझा खांदा लागतो. त्यामुळे मी फोन केला नाही. दोन्ही जमवू, म्हटलं.

जमवणं हाच माझा धंदा आहे म्हणा ना. मशीन चालवणारं लिनक्स असतं ना, आम्ही तसं एक खोटं लिनक्स बनवतो. कुणाचाही भरवसा नसलेला प्रोग्राम खऱ्या मशीनवर मोकळा सोडायचा नसतो. त्याला एका बंद पेटीत ठेवतात आणि पेटीत आमचा छोटा कर्नल, म्हणजे लिनक्सच्या पोटातला कारभारी, बसवतात. प्रोग्राम म्हणतो, फाइल उघड. आमचा कर्नल म्हणतो, उघडली. प्रोग्राम म्हणतो, अमक्याशी जोडून दे; आमचा म्हणतो, जोडलं. आपण पेटीत आहोत हे त्या बिचाऱ्याला कळता कामा नये. त्यासाठी खऱ्या लिनक्सच्या सगळ्या सवयी जशाच्या तशा उचलाव्या लागतात, खोडींसकट. नव्या सुनेने सासूच्या हातची आमटी करायची, तर सासू मीठ जास्त टाकते तेही टाकायचं. सुधारून चालत नाही.

माझ्याकडे या वेळी दोन खोडी होत्या. पहिली फाइलींची. लिनक्समध्ये उघडलेल्या फाइलचं नाव पुसलं तरी ज्याने ती धरून ठेवली आहे त्याच्यासाठी ती जिवंत असते. रेशनकार्डावरून नाव उडालं म्हणून माणूस घरातून उठून जातो का? आमचा कर्नल त्याला हाकलून देत होता. दुसरी खोड जोडणीची. आमची आई फोनवर ‘बरं, ठेवते’ म्हणते, म्हणजे तिचं बोलून झालेलं असतं. पलीकडच्या मावशीचं अजून ऐकायचं असतं, आणि ते ती पुढे पुष्कळ वेळ ऐकते. लिनक्सला हे बरोबर कळतं: एका बाजूने बोलणं संपलं, दुसरी बाजू चालू. आमच्या कर्नलमध्ये पहिल्याने ‘झालं’ म्हटलेलं दुसऱ्यापर्यंत पोचायचंच नाही. तो वाट बघतोय की हा अजून बोलेल, हा वाट बघतोय की तो आता उत्तर देईल. दोघेही पेटीत, दोघेही सभ्य, आणि दोघेही कायमचे अडकलेले. एका बड्या गिऱ्हाइकाचा प्रोग्राम असाच लटकत होता, आणि माझी दुरुस्ती या रिलीजमध्ये गेली नाही तर ते गिऱ्हाईक जाणार, हे साहेबांनी मला निराळं सांगितलं होतं.

दुरुस्त्या झाल्या होत्या. चाचण्या आदल्या संध्याकाळी लावल्या, त्या सकाळी संपायच्या होत्या. संपल्या की मी एक सही करायची. सही म्हणजे लॅपटॉपला लावलेल्या नखाएवढ्या किल्लीचा दिवा लुकलुकतो, तेव्हा तिच्यावर बोट टेकवायचं. बाराच्या ठोक्याला रिलीज बंद. बोट टेकवायला कितीसा वेळ लागतो?

सकाळी आईने मला डोक्यावरून पाणी घ्यायला लावलं आणि सोवळ्याचं धोतर दिलं. आमच्याकडे सोवळ्याला मडी म्हणतात. मडीचं धोतर छताजवळच्या आडव्या बांबूवर वाळतं, आणि कुणाचा हात लागू नये म्हणून एका लांब काठीनेच वर जातं नि काठीनेच खाली येतं. ते नेसलं की श्राद्ध संपेपर्यंत कशालाही शिवायचं नाही. लॅपटॉपला तर नाहीच. त्याच्यासमोर बसून मी काय काय खातो ते आईने पाहिलेलं आहे.

‘आई, चाचण्या अजून संपल्या नाहीत. जरा वेळाने नेसू?’

‘ब्राह्मण आले. त्यांना थांबवतोस की बाबांना?’

धोतर नेसलो.

संकल्प झाला, बोटात दर्भाचं पवित्रक आलं, आणि आमंत्रित ब्राह्मण एकामागून एक न्हाणीघरात गेले. तेवढ्यात पुढच्या खोलीतून लॅपटॉप किणकिणला. चाचण्या पार! मी माजघराच्या उंबऱ्यापर्यंत धावलो आणि तिथेच थबकलो. लॅपटॉप पलीकडे स्टुलावर. त्याच्या शेजारी खुर्चीवर माझी अक्का, ओरत्तनाडूहून पहिल्या बसने आलेली. बसमधून आलेली, आंघोळ न झालेली, म्हणून तिला आत येता येत नव्हतं, आणि न्हाणीघर अडलेलं, म्हणून आंघोळ करता येत नव्हती. मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. मला पुढे जाता येत नव्हतं, तिला मागे. मागे चुलीपाशी आई, तीही मडीत, वडे तळत, तिलाही कढई सोडता येत नव्हती. एका घरात तीन माणसं आणि प्रत्येकाची आपापली पेटी.

किल्लीचा दिवा लुकलुकायला लागला.

‘अक्का, त्याला हात लावू नकोस हं!’ मी ओरडलो. ‘ते माझ्या बोटाशी बांधलेलं आहे.’

‘मी कशाला लावू? मला काय कळतंय त्यातलं?’

किल्ली थोडा वेळ वाट बघते, मग विझते, मग पुन्हा मागावं लागतं. पुन्हा मागण्याचं काम मी शहाणपणाने आपोआप होईल असं लावून ठेवलं होतं. म्हणून ती लुकलुकत होती, विझत होती, लुकलुकत होती. घड्याळ बाराकडे सरकत होतं. शिवलो तर पुन्हा आंघोळ, पुन्हा वाळलेलं धोतर. न्हाणीघर रिकामं नाही आणि उरलेली धोतरं ब्राह्मणांना दिलेली. संकल्प मोडायचा, सगळं पहिल्यापासून. आणि बाबा ताटकळत.

तेव्हा मला ती काठी दिसली.

काठी मडीची. काठीने धोतर काढलं तर मडी मोडत नाही, मग काठीने किल्ली दाबली तर का मोडावी? इतकं बिनतोड वाटलं की मला स्वतःचाच अभिमान वाटला. उंबऱ्याच्या आत पाय ठेवून, एक हात चौकटीला, मी काठी लांब केली.

‘हे काय करतोस रे?’ अक्का.

‘गप्प बैस. नेम चुकेल.’

नेम चुकला नाही. काठीचं टोक बरोबर किल्लीवर बसलं. काही झालं नाही. जोराने दाबलं. काही नाही. किल्लीला लाकूड कळत नाही, तिला जिवंत कातडी लागते. ती त्याचसाठी बनवलेली आहे, की मशीनमध्ये घुसलेल्या चोराला माणसाशिवाय सही करता येऊ नये. हे मी स्वतः नव्या मुलांना शिकवतो. तरी मी तिसऱ्यांदा दाबलं, काठी घसरली, कीबोर्डवर आडवी पडली, आणि पुन्हा पुन्हा मागणारं माझं ते शहाणपण बंद पडलं. दिवा गेला तो गेलाच.

‘झालं का?’ आईचा स्वयंपाकघरातून आवाज.

‘होतंय!’

‘काय होतंय? पुढच्या खोलीत कोण आहे? बोलतोयस कुणाशी?’

तेवढ्यात लॅपटॉपमधून एक बाई हसली. ही माझी पुण्याची सहकारी. माझं काम तपासणारी तीच, आणि माझ्या तंजावरी, जुन्या वळणाच्या मराठीला ‘म्युझियम’ म्हणणारीही तीच. सकाळपासून तिच्याशी कॉल लावून ठेवला होता, तो मी पार विसरलो होतो.

‘अरे,’ ती म्हणाली, ‘कॅमेरा चालू आहे. सांगावं की सांगू नये, कळेना.’

मी खाली बघितलं. धोतर, उघडं अंग, बोटात दर्भ, हातात भाला. काठी टाकायला गेलो तर आठवलं की जमिनीवर टाकली तर तीही ओवळी होईल. म्हणून तशीच धरून उभा राहिलो.

‘अगं, किल्ली. मला शिवता येत नाही, आज बाबांचं...’

‘कळलं रे, आमच्या आजोळीही असायचं. पण त्या शेजारी बसल्यात, त्या कोण?’

‘अक्का आहे. ओवळी आहे.’

‘मग त्यांना सांग ना बोट लावायला!’

‘ते माझ्या बोटाशी—’

‘कुठलं तुझ्या बोटाशी? ठसा नाही घेत ती किल्ली. माणूस आहे एवढंच बघते. कुणाचंही बोट चालतं. तूच शिकवलंस ना आम्हाला?’

मी शिकवलं होतं. चित्रासकट.

अक्काने माझ्याकडे बघितलं. पिशवी मांडीवरून खाली ठेवली. मी उंबऱ्यातून सांगत गेलो, ‘वरचा बाण दाब, एकदा, म्हणजे मघाचा हुकूम परत येईल. आता एंटर.’ तिने एका बोटाने, जिवंत झुरळ असावं तसं, दाबलं. दिवा लुकलुकला. ‘आता त्याच्यावर बोट ठेव. नुसतं ठेव.’ ठेवलं. पडद्यावर हिरवी खूण आली. बारा अजून वाजायचे होते.

‘एवढंच?’ अक्का म्हणाली. ‘एवढ्यासाठी तू केव्हापासून भाल्याचा नाच करतोयस?’

न्हाणीघराचं दार उघडलं. आईने हाक मारली, ‘ये, पानं मांडायची आहेत.’ मी वळणार, इतक्यात लॅपटॉपमधून खाकरल्याचा आवाज आला. साहेब. तेही कॉलवर होते. कधीपासून, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. माणूस कुंभकोणमकडचा, मडी म्हणजे काय ते त्यांना समजावून सांगण्याची गरज नव्हती.

‘सर,’ मी काठीसकट ताठ झालो, ‘मी आज हजर होतो, सर.’

‘दिसलं,’ साहेब तमिळमध्ये म्हणाले.

‘मग सर, माझी ती परवानगी... तंजावरची...’

साहेब पुन्हा खाकरले. माझ्या मनात चेन्नईची खोलीसुद्धा सजली.

‘तू तंजावरलाच राहा बाबा,’ साहेब म्हणाले. ‘तू ऑफिसात आलास तर हे आम्हाला रोज बघावं लागेल.’