श्रीमंत कोतवालाचं उलटं झाड

श्रीमंत सरवद्याचं नाव ज्यानं ठेवलं, तो माणूस मोठा थट्टेखोर असला पाहिजे. श्रीमंताच्या घरात पत्र्याच्या दोन पेट्या, एक शेळी आणि भिंतीवर बुद्धाच्या शेजारी बाबासाहेब, एवढीच इस्टेट. गडी बेलपिंपरीचा कोतवाल. तलाठ्याचं दप्तर डोक्यावर घेऊन तीस वर्षं त्याच्या मागं चालला, त्यानं मान खांद्यात बसली, असं गल्लीतल्या बाया म्हणायच्या. त्याची बायको सिंधु म्हणायची, मान होती कुठं बसायला.

पण आवाज होता. दवंडी दिली की मुरुडच्या बाजारापर्यंत ऐकू जाते, अशी ख्याती. आणि पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणताना तर श्रीमंत असा सूर लावायचा की पुढं बसलेल्यांना मागं वळून बघावं लागायचं. तीन शिलं खणखणीत. चौथं आलं की मात्र खोकला. खोटं बोलणार नाही, या शिलाशीच याचा घसा का धरतो, हे गल्लीला ठाऊक होतं. तोंडावर कुणी बोलत नव्हतं, एवढंच.

त्या खोकल्याला कारण होतं बहात्तरचा दुष्काळ.

बेलपिंपरी आणि खडकी या दोन गावांच्या शिवेवर चिंचेची विहीर आहे. बहात्तरला आसपासच्या सगळ्या विहिरींचे तळ दिसले, हिला मात्र पुरुषभर पाणी. विहीर कुणाची यावरून काठ्या निघाल्या. साहेब आले, पंचनामा झाला. बेलपिंपरीचे पाटील व्यंकटराव म्हणाले, आमच्या कोतवालाला विचारा. पिढ्यान्‌पिढ्या शीव चालणारं घराणं त्याचं. शिवेच्या वादात त्यांचाच शब्द शेवटचा असतोय.

ते खरंच होतं. जुन्या काळी दोन गावांत वाद लागला की महाराच्या डोक्यावर गावची माती द्यायचे आणि म्हणायचे, चाल. तो जिथून चालेल ती शीव. एरवी ज्याची सावली चालायची नाही, त्याचं पाऊल मात्र दोन्ही गावांना चालायचं.

श्रीमंत पुढं झाला. पाटलानं आदल्या दिवशी पढवलेलं बोलला, "माझ्या पणज्याची आन हाय सायेब. विहीर बेलपिंपरीची."

गंमत अशी, की श्रीमंताला पणजोबाचं नावसुद्धा माहीत नव्हतं. ज्याचं नाव ठाऊक नाही त्याची आन घेऊन मोकळा झाला. विहीर बेलपिंपरीला गेली आणि पहाऱ्याला काठी घेऊन कोण उभा? हाच. चौथ्या दिवशी खडकीकडून दोन घागरी घेऊन एक बाई आली. ती याची थोरली बहीण नागुबाई. खडकीला दिलेली.

"आक्का, तुमचं पाणी न्हाई हितं," श्रीमंत म्हणाला.

नागुबाई वळली आणि रिकाम्या घागरी घेऊन दीड कोस नदीकडं गेली, झिरा उकरायला. पुढं दहा वर्षं ती भावाच्या घरी लग्नाला आली, बारशाला आली, मयतीला आली. येताना पाण्यानं भरलेला पितळेचा तांब्या घेऊन आली. भावाच्या घरचं जेवली, पाणी आपलं प्याली. तो तांब्या ओसरीवर ठेवायची तीही अशी, की श्रीमंताला ओलांडूनच जावं लागायचं.

आता झाडाचं ऐका. ब्याऐंशीच्या सुगीनंतर व्यंकटराव पाटलाकडं हेळवी आला. हेळवी म्हणजे बैलावर बसून गावोगाव हिंडणारा, घराण्यांच्या पिढ्या वहीत राखणारा आणि दारात उभं राहून वाचून दाखवणारा माणूस. त्यानं पाटलाच्या अकरा पिढ्या वाचल्या. प्रत्येक पूर्वज शूर, प्रत्येक पूर्वज दानी. एकही आळशी निघाला नाही. व्यंकटराव तक्क्याला टेकून असे ऐकत होते, की अकराही जणांची कामं त्यांनी एकट्यानंच केली असावीत.

वाचून झाल्यावर दाराशी उभ्या श्रीमंतानं विचारलं, "आन् आमचं?"

हेळव्यानं वही बांधली. "तुमचं नसतंय बाबा आमच्या वहीत."

व्यंकटराव हसले आणि म्हणाले, याचं झाड याच्यापासूनच सुरू. ते हसले म्हणून बाकीचे हसले. श्रीमंतही सवयीनं हसला, पण घरी आला तो पाय आपटीत. एका पावडरच्या कंपनीचं कॅलेंडर भिंतीवरून काढलं, उलटं केलं आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं झाड काढायला बसला. स्वतःचं नाव त्यानं वर शेंड्याला लिहिलं. खाली बाप ग्यानोबा. त्याच्या खाली आजा सुभाना. मूळ खालीच असतंय, असं त्याचं म्हणणं. पण मग फांद्याही खाली खालीच फुटत गेल्या आणि ते झाड वटवाघळासारखं लटकलेलं दिसायला लागलं. गल्ली बघायला आली. कुणी म्हणालं पाणी कुठून घालणार, कुणी म्हणालं फळं वर पडतील. श्रीमंत हलला नाही.

सिंधु मात्र चिडली. "काय करायलास हे? आपण छप्पन्न साली जन्मलो. त्याच्या आधीचं काय उकरायचं? मेलेली ढोरं वढली, शिळं तुकडं खाल्लं. त्याचं झाड काढतोस व्हय?"

तिचं चुकत नव्हतं. दीक्षेनंतर तिनंच घरातले देव टोपलीत भरून नदीला नेले होते आणि परत येताना टोपलीसुद्धा आणली नव्हती.

"देव सोडले," श्रीमंत म्हणाला. "बाप सोडला न्हाई."

त्याचं झाड आज्यावर येऊन थांबलं. पुढं विचारायचं कुणाला? कंधारला एक म्हातारी चुलतआत होती, सरजाबाई. तिच्याकडं एसटीनं जाऊन आला. सरजाबाईनं दोन दिवस कण्या-आंबील खाऊ घातलं, सगळ्या भावकीच्या कागाळ्या सांगितल्या आणि जाताना एवढंच म्हणाली की सुभानाच्या बापाचं नाव घरात घेत नव्हते. त्यानं काय केलं होतं ते तिला माहीत नव्हतं. पण त्याच्यामुळं दोन वर्षं घर उपाशी राहिलं, असं तिच्या आजीच्या तोंडून ऐकलेलं. श्रीमंत घरी आला आणि आज्याच्या खाली एक रिकामी चौकट काढून ठेवली. गल्ली म्हणाली, घ्या, पणजोबा चोर निघाला.

ऑगस्टात लातूर जिल्हा झाला. गावोगाव पेढे वाटले, कमानी लागल्या. आणि उस्मानाबादहून जुन्या दप्तराचे बस्ते ट्रकात भरून लातुराकडं निघाले. लाल फडक्यात बांधलेले, वाळवीनं चाळण केलेले. ते उतरवायला आणि झाडायला गावोगावचे कोतवाल बोलावले. डोक्यावर दप्तर वाहण्यात श्रीमंताचा हात धरणारा कुणी नव्हता, त्यामुळं तो तिथं महिनाभर राहिला.

बस्त्यांतलं मोडी आणि उर्दू वाचायला निजामाच्या वेळचे कचेरीतले एक पेशकार बसवले होते, मल्लिकार्जुनअप्पा. वय ऐंशीच्या पुढं, चष्म्याची एक काडी दोऱ्याची. श्रीमंत रोज त्यांना चहा आणून द्यायचा आणि रोज विचारायचा, बेलपिंपरीचं काही हाय का. अप्पा रोज म्हणायचे, धीर धर, निजामालासुद्धा एवढी घाई नव्हती.

सतराव्या दिवशी अप्पांनी हाक मारली. पुढ्यात जाड, पिवळा पडलेला कागद. फसली बाराशे बहात्तर, म्हणजे सव्वाशे वर्षांच्या आतबाहेरचा. बेलपिंपरी आणि खडकीच्या शिवेचा महजर. महजर म्हणजे सगळ्या गावासमक्ष झालेला निवाडा. खाली ज्याची त्याची निशाणी, कुणब्याचा नांगर, सुताराची पटाशी. आणि सर्वांत शेवटी एक काठी काढलेली. तिच्याशेजारी नाव होतं राघनाक वल्द येसनाक महार. मुलगा सुभाना, तोही हजर म्हणून लिहिलेला.

श्रीमंताला चौकट भरायला नाव मिळालं. वर येसनाकाची एक पिढी फुकट. तो इतका हरखला की अप्पांनी पुढचं वाचायला सुरुवात केलेली त्याला कळलंच नाही.

अप्पांनी परत वाचलं. वाद चिंचेच्या विहिरीचाच होता. बेलपिंपरीच्या पाटलानं राघनाकाच्या डोक्यावर माती दिली. राघनाक शिवेच्या धोंड्यापासून निघाला, चिंचेपाशी आला आणि विहिरीच्या अलीकडून वळला. विहीर खडकीकडं सोडून. दोन्ही गावांनी ते मान्य केलं. कागदाच्या पाठीमागं दुसऱ्या हातानं दोन ओळी होत्या. सदर महारानं पाटलाची मर्जी राखली नाही, सबब दोन साल बलुतं बंद.

खळ्यावरचं धान्य बंद. दोन वर्षं. एका वळणासाठी.

श्रीमंत खाली बसला. अप्पांना वाटलं, आनंदानं बसला. त्यांनी स्वतःचा चहा त्याला दिला. तो तसाच हातात धरून त्यानं नकलेसाठी अर्ज कुठं करायचा ते विचारलं.

रीतसर अर्ज करून, शिक्का घेऊन तो महजराची नक्कल गावात घेऊन आला. आणि येतो तर काय, गावात नळाची गडबड. नव्या जिल्ह्याकडून नळयोजनेच्या पाहणीला साहेब येणार होते. चिंचेची विहीर ज्या गावाच्या नावावर, त्या गावाला नळ आधी. खडकीनं परत हरकत घेतलेली. व्यंकटरावांनी श्रीमंताला बोलावून घेतलं, चहा बशीत न देता कपात दिला, तेव्हाच त्यानं ओळखलं. बहात्तरला बोललास तेच बोल, ते म्हणाले. श्रीमंतानं नक्कल पुढं ठेवली. व्यंकटरावांनी वाचली, घडी घातली आणि बराच वेळ मिशीवरून हात फिरवला. मग गोड बोलले. पंचायतीत गावच्या जुन्या घराण्यांची पाटी लागणार आहे, त्यात राघनाकाचं नाव घालू, पाटलांच्या खाली दुसरंच. कागद तेवढा तुझ्या पेटीत राहू दे. नाही तर कोतवालकी काय, कुणालाही देता येते.

गल्लीला वाटलं, झालं. गड्याला झाड पाहिजे होतं, झाड मिळालं, वर पाटी मिळाली. त्या रात्री सिंधुनंही तेच सुचवलं. गावात नळ येईल, डोक्यावरची घागर उतरेल. आणि राघनाकानं कुठं दीक्षा घेतली होती, की त्याच्यापायी आपण मरावं.

"दीक्षा न्हाई घेतली त्यानं," श्रीमंत म्हणाला. "पर चौथं शील पाळलं. मी घेतलं, आन् पाळलं न्हाई. मंग आमच्यातला बौद्ध कोण गं?"

सिंधुनं दिवा बारीक केला. वाद तिच्याकडून संपला, ही त्या घरातली पहिलीच घटना.

पाहणीच्या दिवशी चिंचेखाली दोन्ही गावं जमली. इकडं बेलपिंपरी, तिकडं खडकी, मध्ये खुर्चीवर साहेब. खडकीच्या बायांत नागुबाई, हातात तांब्या. व्यंकटरावांनी सांगितलं, आमच्यात जुनी रीत आहे साहेब, आमचा कोतवाल शीव चालेल. आणि कुणीतरी मातीची पाटी आणली. डोक्यावर द्यायला.

श्रीमंतानं पाटीकडं पाहिलं. तीस वर्षं डोक्यावर दप्तर वाहणारा माणूस, त्याला पाटीचं ओझं ते काय. पण त्यानं पाटी घेतली आणि जमिनीवर पालथी केली.

"माती डोक्यावर न्हाई घेणार. माझ्या पणज्यानं घेतली, कारण त्याचं नुसतं बोलणं तुमाला पुरत नव्हतं. माझं पुरंल."

बेलपिंपरीत कुजबुज झाली. श्रीमंतानं डोक्यावरची टोपीही काढून खिशात घातली. शिवेच्या धोंड्यापाशी गेला, हात जोडले आणि दवंडीच्या आवाजात चौथं शील म्हटलं. मुसावादा वेरमणी. सलग. न खोकता. खडकीतली दोन-तीन माणसं नकळत मागून म्हणाली.

मग तो चालला. सावकाश, मान खांद्यातून वर काढून. चिंचेपाशी आला. तिथं दोन वाटा, एक विहिरीच्या अलीकडून, एक पलीकडून. व्यंकटराव हलक्या आवाजात म्हणाले, श्रीमंत, विचार कर.

श्रीमंत अलीकडून वळला. विहीर खडकीकडं सोडून पार पुढच्या धोंड्यापर्यंत गेला, परत आला, नक्कल साहेबांच्या हातात दिली आणि म्हणाला, "बहात्तरला मी खोटं बोललो. लिवून घ्या. अंगठा न्हाई, सही करतो."

व्यंकटराव उठले. कोतवालकी गेली समज, म्हणाले.

"तुमच्या पणज्यानं माझ्या पणज्याचं बलुतं बंद केलं होतं," श्रीमंत म्हणाला. "माझं काय बंद करता मालक? बलुतंच ऱ्हायलं न्हाई." आणि हसला. या खेपेला आधी तो हसला, बाकीच्यांनी नंतर ठरवलं हसायचं का नाही.

साहेबांनी सही घेतली, माणसं पांगली. बेलपिंपरीची काही मंडळी त्याच्याकडं न बघता गेली. ती पुढं वर्षभर बघणार नव्हती, आणि पिठाच्या गिरणीवर सिंधुचा डबा शेवटी लागणार होता. तिनं त्यावरून गिरणीवाल्याला काय काय ऐकवलं ते गल्लीला तोंडपाठ आहे. कोतवालकी काढायचा कागद मात्र नव्या जिल्ह्यात असा कुठल्या बस्त्यात गेला, की श्रीमंत रिटायर होईपर्यंत कुणाला सापडला नाही.

पण ते नंतर. त्या दुपारी विहिरीपाशी नागुबाई तेवढी उभी होती. तिनं पोहरा सोडला, ओढला, तांब्या भरला. श्रीमंत दोन हात लांब थांबला. तहान लागली होती, पण पाणी आता खडकीचं होतं.

"आक्का, पाणी देतीस का?"

"कोण मागायलंय? कोतवाल का भाऊ?"

"राघनाकाचा पणतू."

नागुबाईनं त्याला नीट पाहून घेतलं. दहा वर्षांचं बघणं राहिलं होतं. मग तांब्या पुढं केला. तो घटाघटा प्याला, अर्धं पाणी सदऱ्यावर. तिनं तांब्या परत घेतला, उरलेलं पाणी स्वतः प्याली आणि म्हणाली,

"ते झाड काढलंस म्हणं कॅलेंडरावर. राघनाक माझा बी पणजा हाय. मी कुठं हाय त्याच्यात?"

श्रीमंतानं आठवून पाहिलं. वर तो, खाली ग्यानोबा, सुभाना, राघनाक, येसनाक. बाई एकही नाही. ना आई, ना आजी, ना सिंधु. त्यानं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्याला दहा वर्षांचा जुना खोकला आला.

"खोकू नगंस," नागुबाई म्हणाली. "चल घरी. पेन्सिल दे माझ्याकडं."

आणि भावाच्या पुढं होऊन ती बेलपिंपरीकडं चालू लागली, रिकामा तांब्या हलवत.