फाल्ता

वेस्ट विंडसरच्या त्या कॉलनीत टपालपेट्यांशेजारी एक बाक होता. २००४ च्या मे महिन्यात त्यावर एक सावळे, वाळकुडे म्हातारबुवा खिसे चाचपत बसले होते. "शावे, शावे," असं पुटपुटत होते.

गुरुदत्त जीनगर, म्हणजे घरच्यांचे अण्णा, तिथून चालले होते. वय सदुसष्ट. कोल्हापुरात पन्नास वर्षं चामडं शिवलेलं. आधी खोगिरं, मग पट्टे, पिशव्या आणि पेठांच्या संघांचे फुटबॉल. मुलगा शंतनू कॉम्प्युटरवाला. त्याच्याकडे सहा महिन्यांसाठी आले होते. इंग्रजीचा गंध नव्हता. पण हा शब्द कळला. त्यांनी वाकून बाकाखालून किल्ली काढली.

"चावी," अण्णा म्हणाले.

"शावे!" म्हातारबुवांचा चेहरा उजळला.

म्हातारबुवांचं नाव ओतावियो. ब्राझीलचे, वय एक्क्याण्णव. बायको गेल्यावर मुलगी सेलीना त्यांना इकडे घेऊन आली होती. त्यांची भाषा पोर्तुगीज. आपल्या मराठीत तिचे बरेच शब्द आहेत, असं सूनबाई राधिकानं सांगितलं. झालं, अण्णांना खजिनाच सापडला. बटाटा दाखवला की "बताता". साबण म्हणजे "साबाँव". अण्णा काय काम करत हे हातांच्या खुणांनी कळलं, तेव्हा ओतावियो म्हणाले, "मेस्त्रे." अण्णांनी ऐकलं, मेस्त्री. पन्नास वर्षांत एवढ्या मानानं कुणी हाक मारली नव्हती.

बाकी हकिगत सेलीना इंग्रजीत सांगे आणि राधिका मराठीत. ओतावियो दक्षिणेकडच्या एका गिरणीगावात जन्मले. अकराव्या वर्षी मागावर लागले, सतराव्या वर्षी गिरणीच्या फुटबॉल संघात गेले. खेळाडूंना सरावासाठी तासभर आधी सोडत, पण तेवढं कापड दुसऱ्या दिवशी भरून द्यावं लागे. उजव्या कडेनं ते वरखाली पळायचे, म्हणून लोक त्यांना धोटा म्हणत. मागावर धोटा पळतो तसे. खेळाचा वेगळा पगार नव्हता. "पगार?" अण्णांनी विचारलं, तेव्हा हा शब्दही ओतावियोंना कळला आणि ते खोकला लागेपर्यंत हसले.

तेव्हाचा चेंडू चामड्याचा, तोंडाला वादी बांधलेली. पावसात दगडासारखा जड व्हायचा. वादीवर डोकं बसलं की कपाळ फुटायचं. त्यांच्या कपाळावर तो वण अजून होता. आठ वर्षं खेळले, मग गुडघा गेला. पुढं गिरणी बंद होईतो पस्तीस वर्षं माग चालवला. शेवटच्या सामन्याचा चेंडू संघानं त्यांना दिला होता.

संघाचं विचारलं की ते दोन्ही हातांची दहा बोटं एकेक करून मिटत. दहा गेले. मग मूठ छातीवर ठेवत. अकरावा हा.

एक दिवस त्यांनी तो चेंडू आणला. चपटा, वाळलेला, दोरा कुजलेला. आतल्या रबराचा भुगा झाला होता. त्यांनी तो जमिनीवर ठेवला, उजवा पाय हवेत हलवला आणि अण्णांकडे पाहिलं. त्यांना काय हवं होतं, ते सांगायला भाषा लागली नाही. एकदा मारायचा होता. मरायच्या आधी एकदाच.

"अण्णा, तुम्ही इथं रिलॅक्स करायला आलाय," शंतनू म्हणाला.

"रिलॅक्स करून हाताला बुरशी येती. सुया आण, मेणदोरा आण. आणि आतलं ब्लॅडर मिळतंय का बघ तुझ्या त्या कॉम्प्युटरवर."

"हा पीस म्युझियममध्ये ठेवण्यासारखा आहे, यार."

"यार तुझा ऑफिसात. जा, आण."

अण्णांनी एकोणीस दिवस काम केलं. आधी चार दिवस नुसतं एरंडेल मुरवलं. मग जुना दोरा चिमट्यानं काढला. नवं भोक एकही पाडायचं नाही, हा नेम. जुनं चामडं नव्या भोकाशी फाटतं. जिथं टाका होता तिथूनच दोरा गेला पाहिजे. एका ओळीचे सहा टाके चुकले, तेव्हा ती ओळ उसवून पुन्हा घातली. कुणी बघणार नव्हतं, पण चूक होती.

शुक्रवारी चेंडू गोल झाला. रविवारी मागच्या मैदानावर जायचं ठरलं होतं.

त्या शुक्रवारीच अण्णांनी चेंडू ओतावियोंच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो बराच वेळ हातात फिरवला, वादीवरून अंगठा फिरवला. मग डोळ्यांत पाणी आलं आणि मान हलवत ते म्हणाले, "फाल्ता. फाल्ता..."

अण्णा उठले. तसेच घरी आले.

"काय झालं, अण्णा?" राधिकानं विचारलं.

"फालतू म्हणाला माझ्या कामाला."

"असं कसं म्हणतील?"

"बाकीचे शब्द कळतात, हा बरा कळणार नाही! एकोणीस दिवस डोळे फोडले."

रविवारी अण्णा गेले नाहीत. खिडकीतून बाक दिसत होता. ओतावियो मांडीवर चेंडू घेऊन बसले होते. दहा वाजता होते, बारालाही होते. अण्णांनी पडदा ओढला.

पुढं अकरा दिवस त्यांनी फिरायची वाट बदलली. बाराव्या दिवशी सेलीना दाराशी आली. राधिकाशी बोलली, बोलताना अण्णांकडे पाहत होती. ती गेल्यावर राधिका त्यांच्यासमोर येऊन बसली.

"अण्णा, त्या रविवारनंतर दुसऱ्याच दिवशी ते बाथरूममध्ये घसरले. हाड मोडलं नाही, पण आता उभं राहता येत नाही. रोज विचारतात, मेस्त्री का रागावला?"

"त्यानंच तर फालतू म्हटलं."

"मी विचारलं तिला. फाल्ता म्हणजे उणीव. एखादं माणूस नसलं की ते म्हणतात, त्याची फाल्ता वाटते. चेंडू हातात आला आणि त्यांना ती दहा माणसं आठवली."

अण्णांनी चप्पल घातली आणि निघाले. मग परत आले, सुई आणि मेणदोरा खिशात टाकला.

सेलीनाच्या घरी ओतावियो खिडकीशी खुर्चीत होते, चेंडू शेजारी. पायांवर पांघरूण. "मेस्त्रे," एवढंच म्हणाले. अण्णांनी पांघरूण बाजूला केलं, चेंडू त्यांच्या उजव्या पावलाशी ठेवला आणि स्वतः समोरच्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले. जन्मभर फुटबॉल शिवले होते, खेळले कधी नव्हते.

ओतावियोंनी पाऊल मागं घेतलं. फार नाही, वीतभर. चेंडू सरळ आला. एक्क्याण्णव वर्षांच्या पायानं मारलेला, पण एका रेषेत. अण्णांनी तो चपलेनं कसाबसा अडवला.

मैदानावर हाच चेंडू कुठवर गेला असता?

परत ढकलण्याआधी त्यांनी तो उचलून पाहिला. वादीपासून तिसरा टाका किंचित ढिला होता. हा टाका रागाच्या आधीच घातलेला, म्हणजे रागाला दोष देता येत नव्हता. ते खाली बसले, खिशातून सुई काढली. सहा महिने संपत आले होते, सोमवारचं परतीचं विमान होतं.

"मेस्त्रे?" ओतावियोंनी विचारलं.

"थांबा जरा," अण्णा मराठीतच म्हणाले. दोरा दातांत धरून त्यांनी टाका आवळला, बोटानं दाबून पाहिला. मग मान वर न करता म्हणाले, "फाल्ता. मला पण. सोमवारपासून."

आणि चेंडू परत त्यांच्या पावलाशी नेऊन ठेवला.