वीतभर मातीतले काका

"आधी उभा र्‍हाऊ दे, मग नाक काढ!" असं म्हणत मावशी माझ्या मातीच्या माणसाचं डोकं चिमटीत धरायची आणि सरळ उपटायची. तासभर खपून काढलेलं माझं धारदार नाक पुन्हा गोळ्यात जमा व्हायचं.

मावशी म्हणजे भिवंडीतल्या आमच्या चाळीतली खालची शेजारीण. मूळची पडघ्याकडची. गणपतीच्या कारखान्यात ती शाडू मळायला जायची आणि मंडळाच्या देखाव्यातली वीतभर उंचीची माणसं करायची तीही तिनेच. तिने केलेला पाववाला गल्लीतल्या कुणीही पाठमोरा ओळखावा. नाक-डोळे ती सर्वात शेवटी, जाता जाता काढल्यासारखी काढायची.

गेल्या वर्षी मंडळाने पॉवरलूमच्या कारखान्याचा देखावा ठरवला. माणसं बारा. अकरा तिने आठवड्यात उभी केली. बारावे तिचे यजमान, आमचे काका. तीस वर्षं लूम चालवली त्यांनी, आणि तीन वर्षांपूर्वी गेले. ते काही तिला जमेनात. तीनदा केले, तीनदा मोडले.

"घरातलं बसणं-निजणं समदं ठाव हाय मला," ती म्हणाली. "पण कामावर कसं उभं र्‍हायचे, ते मी कुठं बघितलंय? लूमच्या कारखान्यात बायका जायच्या न्हाय. तू होतास त्यांच्या बाजूच्या लूमवर. एकदा दाखव मला. तू कर, बाला."

चाळिशी ओलांडलेल्या मला ती 'बाला' म्हणायची. राहनाळच्या गोदामात नोकरी लागायच्या आधी मी खरंच सहा वर्षं काकांशेजारी काढली होती. पण म्हणून मूर्ती?

"मावशी, मला लाडूसुद्धा धड गोल वळता येत नाही."

"माणूस कुठं गोल असतोय?"

झालं! मला वेडच लागलं. शिफ्ट सुटली की मी तिच्या ओट्यावर. पहिल्या माणसाचे पाय बसक्या मेणबत्तीसारखे वाकले. दुसरा तोंडावर आपटला. तिसऱ्या वेळी मावशीने मलाच उभं केलं. "आता सांग, भार कुठल्या पायावर हाय?" मी खाली बघितलं. उजव्या पायावर! इतकी वर्षं मी दोन्ही पायांवर उभा राहतो अशी माझी समजूत होती. तुम्हीही आत्ता उठून बघा, खोटं नाही सांगत.

त्या दिवसापासून मला माणसांची तोंडं दिसेनाशी झाली. ड्युटीवर ट्रकवाले उतरले की मी त्यांच्या गुडघ्यांकडे टक लावायचो. एकाने "क्या देख रहा है, भाई?" असं दरडावून विचारलंही. घरी मी कणकेचा हमाल केला, तेव्हा बायकोने मला स्वयंपाकघरातून हाकललं.

काका मात्र पडत होते. फोटोत असावेत तसे मी त्यांना ताठ, समोर बघणारे करत होतो. गणपतीला चार दिवस उरले. मग एका संध्याकाळी वर घरीच मी डोळे मिटून जुना कारखाना आठवला. अरे, काका ताठ कधी उभे होते? डाव्या पायावर भार, उजवा गुडघा सैल, आणि मान लूमकडे कललेली! मी मान तिरकी केली, गुडघा वाकवला आणि माझा हात बाजूला घेतला. पडेना! फुंकर मारली, तरी पडेना! पाटावर घेऊन मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरलो. आनंदाने रडू येत होतं, ते लपवलं नाही.

मावशीने पाट सगळीकडून फिरवून बघितला.

"मान का रं वाकडी?"

"ऐकतायत ते. त्या खडखडाटाने त्यांचे कान पार गेले होते, माणसाचं बोलणं कळायचं नाही. पण धागा तुटून लूमचा आवाज जरासा बदलला, की आम्ही वळायच्या आत ते लूम थांबवायचे."

मावशीने पाट ओट्यावर ठेवला.

"घरात दहा हाका मारल्या तरी ओ द्यायचे न्हाय. मला वाटायचं, मुद्दाम करतात. जल्मभर भांडली मी, बाला."

मग तिने काडी घेतली आणि काकांचा कान तेवढा स्वतः कोरला. मानेला हात लावला नाही. दहा दिवस देखाव्यात काका दिमाखात उभे होते आणि मी येईल-जाईल त्याला ते दाखवत होतो.

देखाव्यातली माणसंही गणपतीबरोबर पाण्यात सोडायची, ही आमच्या मंडळाची रीत. माझी पहिलीच मूर्ती, ठेवू या ना, असं मी म्हणून बघितलं. "माती हाय ती. आता तुला येतंय की," ती म्हणाली. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ती खोली सोडून लेकीकडे जाणार होती. आता परत येणार नव्हती.

तलावाच्या पायरीवर तिने अकरा माणसं एकामागून एक सोडली. बारावा तोंडाजवळ धरला. मला वाटलं काही पुटपुटेल. तर ढोलाच्याही वर आवाज चढवून ती ओरडली, "अवो! मी लेकीकडं नाशिकला चाललीय! कायमची! ऐकू आलं का?"

पायऱ्यांवरची माणसं वळून बघू लागली. मावशी थोडी थांबली. मग तिने काकांना हलकेच पाण्यात सोडलं.